कड्यातलं कुंकू

गेज आत जाईना.

देशिंगकर साहेबांनी पितळी नळी डाव्या हाताच्या चिमटीत धरली, उजव्या हातातल्या गेजचं, म्हणजे माप तपासायच्या सळीचं, टोक तिच्या भोकावर टेकवलं आणि जराही जोर न करता हलकेच फिरवलं. टोक तोंडाशीच अडलं. ती नळी त्यांनी टेबलावर उजवीकडे ठेवली आणि दुसरी उचलली. तीही अडली. मग तिसरी, मग चौथी. विसावी नळी उजवीकडे गेली तेव्हा बरोबर निघालेल्या नळ्यांसाठी ठेवलेली डावीकडची जागा मोकळीच होती.

"मगदूम," ते म्हणाले, "तुमच्या रजिस्टरात चोवीसशेच्या चोवीसशे नळ्या बरोबर आहेत."

"हो साहेब."

"खाली सही कुणाची आहे?"

"माझी."

ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. खिशातून रुमाल काढून त्यांनी गेज पुसला आणि तो पेटीत ठेवला.

ही गोष्ट एकाहत्तर सालच्या एक नोव्हेंबरची. मी चोवीस वर्षांचा होतो. सांगलीहून डिप्लोमा घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्ञानू मिस्त्रींच्या शेडमध्ये इन्स्पेक्टर म्हणून लागलो होतो. शेडचं नाव श्री विश्वंभर टर्निंग वर्क्स, पण ते फक्त पाटीवर. गावात सगळे 'ज्ञानू मिस्त्रीचं शेड' म्हणत. अकरा लेथ, बत्तीस माणसं आणि पत्र्याचं छप्पर. जन्मभर ऑइल इंजिनाचे भाग करणाऱ्या या शेडला त्या वर्षी अचानक सरकारी काम मिळालं होतं. सरहद्दीवर कुरबुरी वाढल्या होत्या आणि मोठ्या कारखान्यांना एकट्याने माल पुरवणं जमेना. मग छोट्या शेडना एकेक भाग वाटून दिला गेला. आमच्या वाट्याला आली बोटाच्या पेराएवढी एक पितळी नळी. तोफेच्या गोळ्याच्या नाकावर फ्यूज असतो, त्याच्या पोटात ती बसते. तिच्यातून एक खिळा सरकतो. तो सरकला तर गोळा फुटतो, अडकला तर गोळा नुसताच जाऊन चिखलात रुततो. म्हणून त्या भोकाचं माप केसाच्या चौथ्या हिश्शानेही चुकून चालत नसे.

पहिल्या खेपेच्या सगळ्या नळ्या नापास होऊन वीस ऑक्टोबरच्या सुमारास परत आल्या. सहा खोकी शेडच्या कोपऱ्यात एकावर एक पडली होती. देशिंगकर साहेब सरकारी तपासनीस, चूक कुठे झाली ते बघायला आले होते. चूक सापडली नाही तर काम दुसरीकडे जाणार, हे त्यांनी दारातच सांगितलं होतं.

"तुमचा मास्टर दाखवा," ते म्हणाले.

मास्टर म्हणजे एक पोलादी कडं. त्याचं भोक बरोबर ठरल्या मापाचं असतं. रोज सकाळी मोजायचं यंत्र आधी त्या कड्यात घालून काटा शून्यावर आणायचा आणि मग दिवसभर प्रत्येक नळी त्या शून्याशी ताडून बघायची. कडंच खोटं निघालं तर सगळा दिवस खोटा. मी मखमलीच्या खोक्यातून मास्टर काढून दिला. साहेबांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, एक डोळा मिटला आणि आत बघितलं. मग करंगळीचं नख आत घालून खरवडलं आणि ते नख नाकापाशी नेलं.

"गंज असेल असं वाटलं होतं," ते म्हणाले. "हे कुंकू आहे."

माझ्या शेजारी उभे असलेले ज्ञानू मिस्त्री एवढंच म्हणाले, "खंडेनवमी."

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते हे सांगायला नकोच. त्या दिवशी लेथ बंद असतात. यंत्रं धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालायच्या, हातोडी-कानशी पाटावर मांडायच्या आणि हळदकुंकू, नारळ. त्या सकाळी मिस्त्री माझ्या खोलीत आले होते आणि मास्टरही पूजेला मागत होते. मी नाही म्हणालो.

"का रं बाबा? सगळी हत्यारं पाटावर आन् राजाच घरात व्हय?"

"त्याला हात लावायचा नसतो मिस्त्री. दोन मायक्रॉनचाही फरक चालत नाही."

"देवाला बी मायक्रॉनमधी मोजतोस की काय तू?" ते हसले. शेडमधली पाच-सहा माणसंही हसली. मला घाई होती. बाराच्या गाडीने सांगलीला जायचं होतं, आईने एक मुलगी बघून ठेवली होती. मी मास्टर दिला, आणि जाता जाता छबूताईंना बजावलं, "पूजा झाली की स्वच्छ पुसून पेटीत ठेवा."

छबूताई खोत माझ्या हाताखाली माप घ्यायचं काम करत. वय सव्वीस-सत्तावीस. त्यांचे वडील मिस्त्रींकडचे जुने टर्नर. ते गेले आणि मिस्त्रींनी पोरीला कामाला घेतलं. उद्यमनगरात तेव्हा शेडमध्ये बाईमाणूस म्हणजे नवलच होतं. सुरुवातीला लोक दारातून डोकावून बघून जात. पण त्यांच्या बोटांना जी जाण होती ती मला डिप्लोम्याच्या तीन वर्षांत आली नव्हती. काट्याकडे न बघता त्या म्हणत, "ही जरा घट्ट हाय बगा," आणि काटा तेच सांगे. माझ्यापेक्षा मोठ्या म्हणून मी त्यांना ताई म्हणायचो आणि त्या मला साहेब. त्यांचे मालक श्रीपती खोत तोपखान्यात नाईक होते, पूर्वेच्या सरहद्दीवर.

सांगलीची मुलगी पसंत पडली. दोन दिवसांनी यायचा तो मी सहाव्या दिवशी परत आलो, अर्धा इथे आणि अर्धा तिकडेच. तोवर छबूताईंनी दोन हजार नळ्या मोजल्या होत्या, उरलेल्या चारशे नंतर त्याच कड्याने मोजल्या. मी रजिस्टर उघडलं आणि रोजच्या 'मास्टर तपासला' या रकान्यात सहा सह्या ओळीने ठोकल्या. हाताला हात लावून मम म्हटलं.

आता ते रजिस्टर साहेबांसमोर टेबलावर उघडं होतं.

"कुणी लावलं?" साहेबांनी विचारलं.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून छबूताई उठल्या. "मी लावलं."

"आणि पुसलं नाही?"

त्यांचं उत्तर यायच्या आधीच साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही परत आल्यावर बघितलं नाहीत?"

"नाही साहेब," मी म्हणालो.

हे खोटं होतं. परत आलो त्या सकाळी मी मास्टर बघितला होता. बाहेरच्या अंगावर कुंकवाचं बोट चांगलं ठसठशीत उठलं होतं. बघून मला हसू आलं, आणि आत काही असेल हे मनातही आलं नाही. कुठे वाद घाला, असं वाटलं. मुलगी पसंत पडलेल्या माणसाला सगळं जग पसंत पडतं.

आणि खोटं बोलून झाल्यावर माणसाचा आवाज चढतो. मी छबूताईंकडे वळलो. "पुसून ठेवा म्हणून सांगितलं होतं की नाही मी? सांगितलं होतं की नाही? चोवीसशे नळ्या गेल्या! तुमच्या या बोटभर कुंकवापायी तिकडे तोफा थांबल्यात तोफा, कळतंय का?"

"आमचं मालक बी तितंच हाईत, सायेब," त्या हळूच म्हणाल्या.

"मग? मग पुसायला नको?"

त्यांनी एकदा मिस्त्रींकडे बघितलं आणि मग जमिनीकडे बघत बोलू लागल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"नवरात्राच्या आदी त्येंचं पत्र आलं हुतं. आमी हितं तोफंची पूजा करनार, तुज्या हातात बी आता तोफंचंच काम हाय तर तू तितं कर म्हनून. म्हनून मी कडं पाटावर घेतलं. त्येंच्या नावानं कुंकू लावलं, आत बी बोट फिरवलं. दुसऱ्या दिशी पुसाय घेतलं तर हात चालंना. त्येंच्या नावानं लावल्यालं कुंकू बायकूनं आपल्या हातानं पुसायचं व्हय? वाटलं, आपोआप उडंल. वरचं उडलं बी. आतलं इतकं नडंल असं न्हाई वाटलं."

मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. देशिंगकर साहेब खिडकीबाहेर बघत होते. वाईट माणूस नव्हता तो. "ठीक आहे," ते म्हणाले, "पुसून घ्या आणि पुन्हा मोजू. फरक तेवढाच निघाला तर प्रश्न मिटला."

पुसून घ्या हे ते कुणा एकाला म्हणाले नव्हते. पेट्रोलची वाटी आणि मऊ फडकं टेबलावर होतं, छबूताईंपेक्षा माझ्या जवळ. मी मास्टर उचलला असता, फडकं फिरवलं असतं, दहा सेकंदांचं काम होतं.

छबूताई म्हणाल्या, "सायेब, तुमी पुसा. न्हाईतर मिस्त्री पुसतील. दुसऱ्या कुनाच्या बी हातनं पुसूद्या. माज्या हातनं नको."

"आन हिकडं पोरी," मिस्त्री पुढे झाले.

मी मधे हात घातला. "नाही. ज्यानं लावलं त्यानंच पुसायचं. या खोलीत असले प्रकार चालणार नाहीत हे सगळ्यांना कळू दे एकदा."

सगळ्यांना म्हणजे देशिंगकर साहेबांना. माझ्या सहा सह्या त्यांच्या समोर उघड्या होत्या. कुणीतरी माझ्याहून मोठं चुकलेलं त्यांना दिसायला हवं होतं, आणि मी किती कडक आहे तेही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी त्या दिवशी स्वतःच्या तोंडून ऐकल्या. आज एवढ्या वर्षांनी मी ते असं सांगू शकतो. त्या वेळी मला वाटत होतं की मी शास्त्राची बाजू घेतोय.

छबूताईंनी आणखी एकदा माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. मग त्या पुढे आल्या आणि फडकं वाटीत बुडवून मास्टर पुसू लागल्या. आधी वरून, मग आतून, बोट घालून, गोल गोल. फडक्याला लालसर रंग लागला. नीट पुसला त्यांनी. काम कधी अर्धवट करत नसत. मास्टर माझ्या हातात देताना त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. देवाचं नाव असावं.

पुन्हा माप घेतलं. फरक बरोबर कुंकवाच्या थराएवढा निघाला. प्रत्येक नळीचं भोक लहान राहिलं होतं.

"लहान आहे हे नशीब," साहेब म्हणाले. "मोठं झालं असतं तर सगळं भंगारात गेलं असतं. पुन्हा लेथवर चढवा आणि मोठं करून द्या. किती दिवस लागतील?"

"अकरा," मिस्त्री म्हणाले.

"अकराचे बारा झाले तर काम दुसरीकडे जाईल. कुणाला कामावरून काढायची गरज नाही." शेवटचं वाक्य त्यांनी छबूताईंकडे बघून म्हटलं आणि ते गाडीत बसले. बत्तीस घरं वाचली. मिस्त्रींनी संध्याकाळी सगळ्यांना भजी आणि चहा दिला. छबूताईंनी नुसता चहा घेतला.

आम्ही दोन पाळ्यांत काम केलं. मास्टर रोज मी स्वतः लावत होतो. छबूताई मोजत होत्या. त्या कमी बोलत, पण तशा त्या कमीच बोलायच्या. मला वाटलं, मिटलं.

दहाव्या दिवशी दुपारी त्यांचा धाकटा दीर सायकलवरून आला. गावापासून शेडपर्यंत तो कुठे न थांबता पेडल मारत आला होता. सायकल भिंतीला न लावता त्याने ती दारातच सोडून दिली आणि ती आडवी पडली. "वैनी, घरी चला" एवढंच तो म्हणाला. पुढचं त्याला बोलायची गरज पडली नाही. त्याच्या हातात तारेचा कागद होता.

छबूताई किंचाळल्या नाहीत. हातातली नळी त्यांनी मोजलेल्या नळ्यांच्या रांगेत ठेवली, आणि आधी दिराकडे न बघता माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी तो सोसला असता. पण त्या असं बघत होत्या की जसं काही आम्ही दोघांनी मिळून काहीतरी केलंय आणि ते आता उघडकीला आलंय.

अकराव्या दिवशी माल गेला. सगळा पास झाला. मिस्त्रींना पुढची मोठी खेप मिळाली.

तेराव्यानंतर दोन-तीन दिवसांनी छबूताई कामावर आल्या. मोकळं कपाळ, हातात काही नाही. मी शब्द जुळवत होतो, पण त्यांनी मला संधी दिली नाही. स्टुलावर बसल्या आणि पहिली नळी उचलली. मिस्त्रींकडून मला कळलं की गावात बातमी पसरली होती. शेडमधल्याच कुणीतरी सांगितलं असणार. छबूनं आठ-नऊ दिवस आधी आपल्या हातानं नवऱ्याच्या नावाचं कुंकू पुसलं, सरकारी साहेबाच्या समोर पुसलं, आणि लगोलग तार आली. दिवसांचा हिशेब जुळत होता, लोकांना आणखी काय पाहिजे?

"सासू तिच्या हातचं पानी घेईना झालीया," मिस्त्री म्हणाले. मग हात पुसत, "त्या दिशी मी पुसाय लागलो हुतो, मगदूम."

"माहीत आहे मला."

"न्हाई, आपलं म्हटलं," ते म्हणाले, आणि लेथकडे गेले. त्यानंतर त्यांनी मला कधी चेष्टेने काही म्हटलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

डिसेंबर लागला आणि खरं युद्ध सुरू झालं. मिस्त्रींनी रेडिओ आणला. जेवणाच्या सुट्टीत सगळे त्याच्याभोवती गोळा होत. छबूताई तिकडे जात नसत. अशाच एका दुपारी, मी टेबलाशी डबा उघडून बसलो असताना, त्या आल्या. हातात एक लांबट पाकीट होतं.

"हे आलंया. इंग्रजी हाय. गावात मास्तरास्नी दावलं असतं, पर म्हटलं नको. तुमी वाचून दावतासा?"

पत्र श्रीपतींच्या पलटणीतल्या एका कॅप्टनचं होतं. टाईप केलेलं नाही, हाताने लिहिलेलं. मी हात धुऊन आलो. त्या स्टुलावर बसल्या आणि मी एकेक वाक्य वाचून त्याचं मराठी करून सांगू लागलो. नाईक श्रीपती खोत यांना मी तीन वर्षं ओळखत होतो. ते शांत आणि कामसू होते. जवान त्यांना दादा म्हणत. ते तुमच्याबद्दल अभिमानाने सांगत की माझी बायको तोफेचं काम करते.

इथे मी थांबलो. छबूताई म्हणाल्या, "वाचा."

"एकोणतीस ऑक्टोबरला पहाटे," मी वाचलं, "त्यांच्या तोफेवरची माणसं मागून गोळ्यांची गाडी येण्याची वाट बघत थांबली असताना शत्रूचा एक गोळा त्यांच्या मधोमध पडला. तुमच्या पतींना कोणताही त्रास..."

आणि मी पुन्हा मागे गेलो. एकोणतीस ऑक्टोबर. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, तरी त्याची गरज नव्हती, तारखा मला तोंडपाठ होत्या. कुंकू पुसलं ते एक नोव्हेंबरला. तारेत तारीख नव्हती, आणि तिकडच्या गडबडीत ती उशिरा आली होती. माझ्या छातीवरून कुणीतरी लेथ उचलून बाजूला ठेवावा तसं मला झालं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एका बाईला तिचा नवरा कसा मेला ते वाचून दाखवताना मला आनंद झाला.

"छबूताई!" मी जवळजवळ ओरडलोच. "तारीख बघा! एकोणतीस! आपण पुसलं त्याच्या तीन दिवस आधी! पुसायच्या आधीच ते... कळलं का तुम्हाला? त्याचा याच्याशी काहीएक संबंध नाही. तुमच्या हातून काही झालेलं नाही. मी गावाला येतो, हे पत्र घेऊन येतो, तुमच्या सासूबाईंना वाचून दाखवतो, देवळात सगळ्यांसमोर वाचून दाखवतो!"

त्या ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं, त्यांना समजलं नाही, म्हणून मी कॅलेंडरचं पान उलटून बोट ठेवून दाखवलं, ही एकोणतीस आणि ही एक.

"मधलं वाचा की परत," त्या म्हणाल्या.

"कुठलं?"

"ती थांबली हुती म्हनालासा ते."

मी वाचलं. मागून गोळ्यांची गाडी येण्याची वाट बघत थांबली असताना. वाचता वाचताच माझा आवाज खाली गेला.

"एकुनतीसला आपला माल कुठं हुता?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. तो माल आम्ही बसलो होतो तिथून दहा पावलांवर, नापास होऊन, सहा खोक्यांत पडला होता.

"म्हंजी पुसल्यामुळं न्हवं," त्या म्हणाल्या. "न पुसल्यामुळं."

"नाही!" मी म्हणालो. "अहो, नाही. असं नसतं ते." आणि मी सांगायला लागलो. आपली नळी इथून निघाली की आधी कारखान्यात जाते, तिथे फ्यूज जुळतो, मग दुसऱ्या कारखान्यात गोळ्यावर चढतो, मग डेपो, मग रेल्वे. आपली नळी तोफेपर्यंत पोचायला सहा महिने लागतात, वर्षही लागतं. दसऱ्यानंतर निघालेला माल पास झाला असता तरी ऑक्टोबरात तिथे असणंच शक्य नव्हतं. गाडीला उशीर झाला तो चिखलामुळे झाला असेल, पूल पडला असेल, शंभर कारणं असतील. मी कागदावर काढूनही दाखवलं, इथून इथे आणि इथून इथे. सगळं खरं होतं. त्या दिवशी मी बोललेलं प्रत्येक वाक्य खरं होतं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि पाकिटात ठेवलं.

"मग त्या दिशी तुमी का म्हनालासा? तिकडं तोफा थांबल्यात म्हनून?"

"रागात बोललो, छबूताई," मी म्हणालो. "नुसता रागात बोललो हो."

त्या उठल्या. पदर नीट केला.

"रागात मानूस खरं बोलतंय, सायेब," त्या म्हणाल्या, आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

त्यानंतर एकोणीस वर्षं त्या माझ्या शेजारच्या टेबलावर नळ्या मोजत होत्या. त्यांच्या हातून गेलेली एकही नळी कधी परत आली नाही.